खाटेखालच्या दोन विटा

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. आज अस्थिबाबा माणसाच्या डोक्यात नवं हाड उगवून दाखवणार होते. डोकं माझ्या दादाचं होतं.

आम्ही दोघे भाऊ गवंडी. चार महिन्यांपूर्वी दादा बांधकामाच्या बांबूच्या परांचीवरून पडला. मेंदूला सूज आली म्हणून डॉक्टरांनी कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि त्याचा जीव वाचवला. तिथे आता नुसती कातडी, तिच्याखाली थेट मेंदू. सोमवारी ऑपरेशन करून धातूची प्लेट बसवायची, तोवर हेल्मेट सक्तीचं. पण डोकं पुन्हा उघडणार म्हटल्यावर वहिनी दुसरा उपाय शोधत सुटली आणि तिला अस्थिबाबा सापडले.

"हाड म्हणजे काय? साचलेला श्वास!" बाबा गरजले. "मी फुंकर मारतो, श्वास साचतो, हाड होतं!"

इतकं सोपं शास्त्र डॉक्टरांना वर्षानुवर्षं शिकून का कळत नाही, देव जाणे.

खुर्चीवर बसलेल्या दादाच्या डोक्यातला खड्डा बाबांनी सगळ्यांना दाखवला. मग त्याला खाटेवर निजवलं, तेल चोळलं आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावून पंधरा मिनिटं फुंकरा मारल्या. डोळे उघडून बघतो तर खड्डा गायब! उलट तिथे जरासा उंचवटाच आला होता. लोक बाबांच्या पायांवर पडू लागले. वहिनी तर ढसाढसा रडली.

बाबांनी घाईघाईने पट्टी बांधली. "चाळीस दिवस सोडायची नाही. डॉक्टरने बघितलं तर हाड विरघळेल."

हाड भलतंच लाजाळू निघालं.

"मग सोमवारी मी कामावरच येतो," दादा पडल्या पडल्या म्हणाला. "ते हेल्मेटही नको आता."

परांचीवरून विटेचा एक कपचा पडला असता तरी दादा संपला असता.

मान खाली घातली, तेव्हा लक्षात आलं. गवंड्याची खोड वाईट. कुठेही गेलो तरी नजर आधी लेव्हल बघते. खाट तिरकी होती. चादर उचलली. पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली एकेक वीट!

"वहिनी, पट्टी सोड. दादाला दहा मिनिटं बसवू."

"नास्तिक! अनर्थ होईल!" बाबा ओरडले.

"हाड पक्कं असेल तर बसायला काय हरकत, बाबा?"

लोकांनाही ते पटलं. वहिनीने पट्टी सोडली. दादा खुर्चीवर बसला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खड्डा हळूहळू परत आला. मग मी त्याला त्याच खाटेवर निजवलं. ना तेल, ना फुंकर. थोड्या वेळाने उंचवटा हजर!

"डोकं खाली गेलं की आतलं रक्त-पाणी तिकडे उतरतं आणि कातडी फुगते. उठून बसलं की ओसरतं," मी म्हणालो. "लेव्हल बघायच्या आमच्या नळीतलं पाणीही उताराकडेच जातं. त्याला कुणी मंत्र घालत नाही."

"तुमची श्रद्धा कमी पडली," बाबा चपला शोधत पुटपुटले.

वहिनीने डोळे पुसले. "श्रद्धा भरपूर होती, बाबा. खुर्चीखाली विटा नव्हत्या, एवढंच." मग हेल्मेट उचलून तिने स्वतःच्या हाताने दादाच्या डोक्यावर बसवलं.

सोमवारी ऑपरेशन झालं. दादाचं डोकं आता बसल्यावर, निजल्यावर सारखंच गोल असतं. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला तर खुशाल वाका. पण पाया पडायला नको. आधी खाटेखाली बघायला वाका.