डाव्या पायाचं काम

पक्षाघाताचा झटका तसा सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. त्याचं बोलणं शाबूत राहिलं. डावा हात हळूहळू शर्टाची बटणं लावू लागला. राहिला तो डावा पाय. तो जमिनीवर टेकायचा, काठीच्या आधाराने जिनाही चढायचा, पण मनात आलं आणि उचलला, असं काही त्याच्याबाबतीत उरलं नव्हतं. निरोप त्याला उशिरा पोचायचा. पुलांचे आराखडे करणाऱ्या माणसाला घरच्या टेबलाशी बसून काम करायला एवढा पाय पुष्कळ होता. गाडीचा क्लच दाबायला तो पुरेसा नव्हता.

गाडी म्हणजे दोन सीटांची, राखाडी रंगाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी स्पोर्ट्स कार. शहराबाहेर एक जुनी धावपट्टी होती. विमानं तिथे उतरेनाशी झाल्यावर हौशी मोटारवाल्यांच्या एका क्लबने ती भाड्याने घेतली होती आणि रविवारी ते तिथे शर्यती लावायचे. शर्यत घड्याळाशी, एकेकट्याने. उभ्या गाडीने सुटायचं आणि पांढऱ्या रेघेपर्यंत पोचायचं. मध्ये वळण नाही, कोणाला मागे टाकायचं नाही, त्यामुळे निम्मीअधिक शर्यत सुटण्यातच जिंकली किंवा हरली जायची. तो सुटण्यात पटाईत होता. क्लबात त्याला ‘बाण’ म्हणत.

त्याची बायको कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. काही सेकंदांच्या कामासाठी अख्खा रविवार उन्हात घालवणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं, पण ते तिने लग्नानंतर लवकरच बोलून टाकलं होतं आणि पुन्हा पुन्हा बोलण्यात तिला रस नव्हता. ती धावपट्टीवर कधी गेली नाही.

गाडी खोळ घालून गॅरेजात उभी राहिली. रोज सकाळी तो खोळीची एक बाजू वर करून आत बघायचा आणि पुन्हा खाली सोडायचा. बायकोला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसायचं. गाडी नुसती उभी राहून खराब होईल, कोणीतरी चालवायला हवी, असं एकदा तिनेच जेवताना काढलं. विकायचा विषय ती काढते आहे असं वाटून त्याचा घास हातातच राहिला. मग तिने सांगितलं, की ती स्वतःबद्दल बोलत होती. तिची रोजची गाडी बिनक्लचची होती, पण शिकली होती ती क्लचवरच.

पहिल्या काही फेऱ्या घराभोवतीच झाल्या. तो शेजारी बसायचा आणि गप्प राहायचा, हे तिला नवीन होतं. नंतर तो बोलू लागला. त्यानंतर एका रविवारी, धावपट्टीवर सरावाचा दिवस असताना, त्याने गाडी तिकडे वळवायला सांगितली. नुसतं बघून येऊ, म्हणाला. बघून झाल्यावर म्हणाला, एकदा सोडून तर बघ.

तिथून खरं शिकणं सुरू झालं, आणि खऱ्या कटकटी. रेस दे, काटा तीन हजारांच्या वर ने, आता क्लच हळूहळू सोड, असं तो सांगायचा. ती हळूहळू सोडायची. इंजिन ओरडायचं, गाडी दमेकऱ्यासारखी पुढे सरकायची आणि आत जळका, आंबूस वास भरायचा. मग तो म्हणायचा, इतकं हळू नाही. ती पटकन सोडायची. गाडी एक उडी मारून बंद पडायची आणि दोघांची डोकी पुढे जाऊन मागे आपटायची. मग तो म्हणायचा, इतकं पटकन नाही. वर्गात एखाद्या मुलाला अशा तऱ्हेने शिकवलं असतं तर पालक भांडायला आले असते, असं तिने त्याला सुनावलं.

असे पुष्कळ रविवार गेले आणि शेवटी क्लच घसरायला लागला. इंजिनाचा आवाज चढायचा, गाडी मात्र जागची हलायला मागायची नाही. ती एकटीच गाडी घेऊन मेकॅनिककडे गेली. त्याने गिअरबॉक्स उतरवून जुनी प्लेट बाकावर ठेवली. तिच्यावरचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं आणि तिच्या मागच्या जाड लोखंडी चाकावर निळे डाग पडले होते. इतकी उष्णता कुठून येते, हे तिने विचारलं. मेकॅनिकने दोन्ही तळहात एकमेकांवर घासून दाखवले. प्लेट आणि चाक, या दोन्ही चकत्या वेगळ्या असतात तोवर काही होत नाही, घट्ट चिकटल्या की मग काहीच होत नाही. जे काय जळतं ते मधल्या घसरण्यात.

“मग घसरणंच कमी करायचं,” ती म्हणाली.

“तेच. पण शून्यावर आणलंत तर गाडी उडी मारते.”

तिने सहज विचारावं तसं विचारलं, की नवऱ्याच्या प्लेटा कशा निघायच्या. मेकॅनिक म्हणाला, त्याने त्यांना एकच प्लेट घातली होती, गाडी घेतली तेव्हा. तेव्हापासून आजवर तीच होती. म्हणजे बाकावरची.

घरी येताना ती याच गोष्टीचा विचार करत होती. नवरा इतकी वर्षं त्याच प्लेटवर शर्यती करत होता, म्हणजे त्याला येत होतं यात शंका नाही. आणि तो सांगत होता ते चुकीचं होतं, यातही नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असेल तर एकच अर्थ निघत होता: तो काय करायचा ते त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. ते पायाला ठाऊक होतं. आणि पाय आता बोलत नव्हता.

हे तिने त्याला सांगितलं नाही. पुढच्या सरावाला तिने गाडी धावपट्टीच्या कडेला थांबवली, हँडब्रेक ओढला आणि त्याचा उजवा हात उचलून आपल्या डाव्या गुडघ्यावर ठेवला.

“तोंडाने सांगू नका,” ती म्हणाली. “माझा पाय चुकला की दाबा.”

तो ओशाळला. दोन गाड्यांपलीकडे क्लबाची मंडळी चहा पीत उभी होती. पण हात त्याने काढला नाही. तिने रेस दिली, पाय वर आणायला सुरुवात केली, आणि लगेच त्याच्या हाताने गुडघा वर ओढला. लवकर, अजून लवकर. मग जिथे क्लच पकडू लागतो, गाडीचं नाक जरा उचलल्यासारखं होतं, तिथे हात क्षणभर जड झाला. आणि मग उठला. पाय तिने पूर्ण काढून घेतला. गाडी सुटली.

तो स्वतःच चकित होऊन हाताकडे बघत राहिला. मी तर हळू म्हणत होतो, असं तो म्हणाला. हळू फक्त तो मधला क्षण होता. त्याच्या आधीचं सगळं झपकन आणि नंतरचं सगळं झपकन. तो एक क्षण इतका भरलेला असायचा, की आठवताना त्याला बाकीचंही तसंच वाटायचं.

त्यानंतर त्यांचं जमलं. दोनदा सुटून झालं की बॉनेट उघडून ठेवून गाडी निवेपर्यंत थांबायचं, रांगेत उभं असताना गिअर काढून पाय बाजूला ठेवायचा, हे तिने आपणहून लावून घेतलं. मागची चाकं किंचित घसरली तर घसरू द्यायची. टायर क्लचपेक्षा सोपे बदलता येतात, हे तिला आता पटलं होतं. तिच्या नणंदेच्या कानावर हे प्रकरण गेलं तेव्हा ती म्हणाली, की पंचवीस वर्षांच्या संसारात वहिनीने दादाचं ऐकल्याचं हे पहिलंच उदाहरण, तेही त्याचं तोंड बंद ठेवून.

शर्यतीच्या दिवशी नणंदही आली. शर्यतीत शेजारी कोणाला बसवता येत नव्हतं. तो बहिणीबरोबर सुरुवातीच्या रेघेजवळच्या कठड्याशी उभा राहिला, काठीवर दोन्ही हात ठेवून. पहिल्या खेपेला बायकोची गाडी उडी मारून बंद पडली. कोणीतरी हसलं. नणंदेने नंतर सांगितलं, की त्याचा उजवा हात काठीवर मुठीसारखा मिटला होता.

दुसऱ्या खेपेला गाडी सुटली. आवाज चढला, एकदा किंचित बसला आणि मग सरळ रेषेत निघून गेला. वेळ काही फार चांगली नव्हती, यादीत मधेच कुठेतरी तिचा क्रमांक होता. ती परत येऊन उतरली तेव्हा तिचे केस कपाळाला चिकटले होते आणि ती हसत होती. तिच्या वर्गातल्या मुलांनी तिला असं हसताना कधी पाहिलं नसणार.

तो म्हणाला, चांगलं झालं. आणि त्याच श्वासात म्हणाला, की क्लबातल्या एकाला गाडी हवी आहे, त्याला होकार द्यावा असं त्याच्या मनात आहे. आता बघून झालं.

“गाडी विकायची नाही,” ती म्हणाली.

“मला चालवता येत नाही.”

“मला येते.”

नणंद चहा आणायला म्हणून तिथून सटकली. इतके महिने तो समजत होता, की हे सगळं त्याच्यासाठी चाललं आहे. त्याचं काहीतरी हरवलं आहे ते बायको त्याला जमेल तसं परत आणून देते आहे. तिलाही तसंच वाटत होतं. ते केव्हा बदललं हे तिला सांगता आलं नसतं. घरी जाताना त्याने खिडकीबाहेर बघितलं. तिने समजूत काढली नाही. आपण काही चोरलेलं नाही, एवढंच तिच्या मनात होतं, पण ते बोलून दाखवलं असतं तर चोरल्यासारखंच वाटलं असतं.

पुढचे काही रविवार ती आणि नणंद दोघीच गेल्या. तो घरी राहिला. जेवणाच्या टेबलावर मीठ द्या आणि पाणी द्या एवढंच चालायचं. क्लबातल्या त्या माणसाचा फोन आला तेव्हा मात्र त्याने सरळ सांगितलं, की गाडी बायकोची आहे, तिला विचारा. ती शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होती. तिचं पेन थांबलं.

त्यानंतरच्या शर्यतीला तो आपणहून कपडे करून दारात उभा होता. कठड्यापाशी न थांबता तो काठी टेकत मागे गेला, सुटणाऱ्या गाडीच्या बरोबर पाठीमागे जिथे बघ्यांना उभं राहू देतात तिथे. ती आपली खेप करून आली तर तो अजून तिथेच होता. ती त्याच्याजवळ चालत गेली. काहीतरी चुकलं असणार, असं धरूनच.

“सुटताना गाडी मागून खाली बसते,” तो म्हणाला. “मांजर उडी मारायच्या आधी बसतं तशी. मी हे कधी पाहिलंच नव्हतं. मी आतच असायचो ना.”

तिने विचारलं, की दिसते कशी.

सुंदर दिसते, तो म्हणाला, आणि पुढच्या खेपेला हेल्मेट जरा घट्ट बांध, मागून ते डगमगताना दिसतं.