डोंगर दिसायचे महिने

नेपाळला कधी जावं, हे समताला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं घडाघडा सांगितलं असतं. पावसाळ्यात जायचं न्हाई म्हंजे न्हाई, रस्ते खचतात आणि डोंगर ढगात दडून बसतात. थंडीत हाडं गोठतात, उन्हाळ्यात सगळं धुरकट. खरा मोसम एकच, दसरा-दिवाळीचा. आभाळ लख्ख, आणि बर्फाचे डोंगर अगदी अंगणात आल्यासारखे! निपाणीच्या ज्या दवाखान्यात ती नर्स होती, तिथल्या चौघीजणी ऑक्टोबरात निघाल्या होत्या. आधी लुंबिनी, मग पोखरा. समता एक्कावन्न वर्षांची झाली तरी आंबोलीपलीकडचा डोंगर तिनं बघितला नव्हता.

आणि तिला मोकळे महिने कुठले? जून ते सप्टेंबर. घ्या!

त्याचं असं होतं, की सासू जयाबाई, समता तिला आत्या म्हणायची, दोन मुलांत वाटलेली. लोक जमीन वाटतात. ह्यांच्याकडं जमीन नव्हती, आई होती. पावसाळ्याचे चार महिने थोरल्याकडं चिकोडीला, उरलेले आठ धाकट्याकडं निपाणीला. आठ का? तर म्हणे, "समता नर्स हाय, तिला सवय हाय." धाकटा म्हणजे समताचा नवरा, बुद्धप्रिय. बेळगावात कॉलेजात शिकवायचा आणि शनिवारी घरी यायचा. बारा दिवस तू बघ म्हटलं, तर "आईचं मी कसं करणार? बाईमाणसाचं काम ते," म्हणून मोकळा झाला.

शेवटी समतानं धीर करून थोरल्या जावेला फोन लावला. "अंजनाआक्का, ऑक्टोबरात बारा दिवस आत्यांना परत तुमच्याकडं ठेवून घेता काय?"

"जा की गं, कोण नको म्हणतंय?" आक्का लगेच म्हणाली. इतक्या लगेच, की समताचे डोळेच भरून आले. उगीच हिच्याविषयी मनात अढी धरली, असं तिला वाटलं. रजा मंजूर झाली, तिकीट निघालं, लोकरीची टोपीसुद्धा आली.

निघायच्या आदल्या दिवशी आत्यांना चिकोडीला पोचवायचं होतं. सकाळपासून म्हातारीचं एकच. चहा नको, पेज नको, पाण्याचा पेला उशाशी तसाच. दुपारी समतानं तिला जीभ दाखवायला लावली. कोरडी ठणठणीत.

"आत्या, पाणी का पिईनासा?"

"नगं."

"नगं काय नगं? कुठं दुखतंय काय?"

जयाबाई भिंतीकडं बघत म्हणाली, "सवय करतो. तिकडं आक्का पाणी जास्त देत न्हाई. प्यालं की सारखं उठवाय लागतंय, कापडं बदलाय लागत्यात. तिचं बी काय चुकलं? तिची कंबर गेलीया. दोन घोटांवर भागवतो मी. एक दिस आधी सवय केली की मग लई तरास होत न्हाई."

समताच्या डोक्यात आता उजेड पडला. दर ऑक्टोबरला म्हातारी तिकडून लघवीची जळजळ घेऊन यायची, आणि ही शहाणी नर्स वयाला बोल लावून गोळ्या द्यायची! एक न्हाई, दोन न्हाई, सहा वर्षं. तिला आक्काचा राग आला, नवऱ्याचा आला, स्वतःचा आला. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त म्हातारीचा आला. हेच बारा दिवसांनी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

तिनं पेला उचलून म्हातारीच्या तोंडाला लावला. जयाबाई गटागटा प्याली. दुसरा भरला, तोही प्याली.

"तू जा गं बाई. माझ्यापायी राहू नगंस," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "न्हाईतर असं कर. जूनला मी तिकडं जाणारच हाय. चार महिने हैत. तवा जा निवांत."

"न्हाई," समता म्हणाली. "जूनला बी जायचं न्हाई तुम्ही. आता तिकडं कधीच जायचं न्हाई."

बोलून झालं, आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं. आता ऑक्टोबर गेला तसा पावसाळाही गेला. वर्षाचा एक महिना तिचा उरला नव्हता.

म्हातारीचं तोंड असं उजळलं, की समताला ते बघवेना. "खरं म्हणतीस?" तिनं विचारलं. आणि पुन्हा, "खरं?"

न्हाई, चुकून बोललो, मला जायचंय, असं समताला ओरडून सांगायचं होतं.

"व्हय आत्या," ती म्हणाली. "खरं."