खंडेनवमीचा पासपोर्ट

सूर्यकांतकाकांचं टाइल्सचं दुकान आखातातल्या ड्रॅगन मार्ट बाजारात होतं, पण खंडेनवमी व्हायची ती इंटरनॅशनल सिटीतल्या घरात. लोक पाटावर कोयता, हातोडी मांडतात. काका टाइल कापायचं मशीन, कंपनीचा शिक्का आणि सगळ्या कामगारांचे पासपोर्ट मांडत. त्यांतच पुतण्याचा, वेदांगचाही. एरवी ते तिजोरीत असत. "हरवतात रे," काका म्हणत. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे असावा हा इथला कायदा त्यांना चांगला ठाऊक होता. पण कायदा कायद्याच्या जागी, काका काकांच्या! आणि एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत पाटावरच्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही.

वेदांग या दिवसाची महिनाभर वाट पाहत होता. तिजोरी उघडली की पूजेआधीच आपला उचलायचा, असा त्याचा बेत. अल ऐनच्या एका शाळेत इतिहासाच्या शिक्षकाची जागा होती. मूळ पासपोर्ट घेऊन आज चारपर्यंत या, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं शाळेने कळवलं होतं. मित्र मोईन खाली गाडी घेऊन थांबलाही होता. आणि नेमकी यंदाच, दरवर्षी दुपारी होणारी पूजा काकांनी सकाळी आटपून टाकली. वेदांग गोदामातून परत येतो तो उदबत्ती अर्धी जळालेली. त्याला रडूच आलं.

त्यात काकांची नववीतली रुचा वही घेऊन आली. "वेदांगदादा, माय प्रोजेक्ट. एन्शंट चायना."

तो पाटाशेजारीच बसला. सांगू लागला, "झोऊ राजे स्वतःला स्वर्गाचा पुत्र म्हणवत. राज्य स्वर्गाने दिलंय, म्हणजे कुणी हिसकावू शकत नाही. मग राजा आपल्या भावांना, पुतण्यांना मुलूख वाटून द्यायचा. ते त्याच्यासाठी लढायचे, नजराणे पाठवायचे."

"अँड इफ द किंग इज बॅड?"

"मग स्वर्ग आपला आदेश काढून घेतो. पूर येतात, दुष्काळ पडतो. लोक समजतात, याचे दिवस भरले."

"बट व्हॉट इफ ही इज नॉट बॅड? जस्ट... किंग?"

वेदांगची नजर काकांकडे गेली. काका वाईट असते तर किती सोपं झालं असतं! बाबा गेले तेव्हा यांनीच त्याला इथे आणलं, स्वतःच्या ताटातलं वाढलं. आणि चार वर्षांत एकदाही विचारलं नाही, की तुला काय करायचंय.

तो उठला आणि एका दमात बोलून गेला. "काका, मला अल ऐनला नोकरी मिळतेय. पासपोर्ट आत्ता हवाय."

प्रमिलाकाकूंच्या हातातला झारा थबकला. "अरे, नवमी आहे आज!"

काका चिडले नाहीत. चिडले असते तर वेदांग भांडला असता. ते सोफ्यावर शांत बसून म्हणाले, "हे दुकान माझं नाही रे, देवीचं आहे. तिने मला राखायला दिलंय, मी तुम्हाला वाटून दिलंय. तुला तिच्या पुढ्यातून उचलायचाय ना? उचल. मी अडवलं का?"

खाली मोईनने हॉर्न वाजवला.

वेदांग वाकला. हात पासपोर्टापर्यंत गेला. निळ्या कव्हरावर काकूंनी वाहिलेलं कुंकू ओलं होतं. काकू डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या, रुचा वही छातीशी धरून बघत होती. उचलला तर पुढल्या वर्षी दुकानात काहीही बिनसलं, तरी सगळ्यांना कारण ठाऊक असणार होतं. त्यालासुद्धा. स्वतःला इतिहासाचा माणूस समजणाऱ्या त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराला स्वतःचाच भयंकर राग आला, पण बोटं काही वळेनात.

कव्हरावरचं झेंडूचं फूल घसरलं होतं. ते त्याने नीट मधोमध ठेवलं आणि हात मागे घेतला.

"शाबास," काका म्हणाले. "यल्ला, जेवायला बसा."