मोठ्या सरांची स्कूटर आणि माझी वाकडी टीप

हे घडलं १९८३ साली. त्या वर्षी आमच्या हायस्कूलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी खाली आली आणि एकेचाळीस मुलं वाचली. त्याबद्दल वर्तमानपत्रात काय छापून आलं ते मला माहीत नाही. शिवणवर्गात वर्तमानपत्र यायचं ते फक्त कापड बेतायला. पण खरं काय झालं ते मला ठाऊक आहे.

मित्रांनो, मी एक जुनी शिवणाची मशीन आहे. काळ्या अंगाची, सोनेरी वेलबुट्टीची, लोखंडी पायांची. ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे माझा प्रत्येक स्क्रू दोनदा तपासला जाई. मलाही तपासायची खोड लागली ती बहुधा तेव्हापासूनच. समोर कोण बसलंय हे मी चेहऱ्यावरून ठरवत नाही. चेहरा खोटं बोलतो. पायडलवरचा पाय बोलत नाही.

शाळेत मी एकुलती एक. त्या वर्षापर्यंत शिवणबाईंनी मला अठरा वर्षं चालवलं होतं. बाईंची टीप म्हणजे मुंग्यांची रांग, एकही मुंगी बाजूला नाही. त्यांची एक सवय होती. घरच्या माणसांचं काहीही शिवलं की आतल्या दुमडीत एक जादाचं बटण लावून ठेवायचं. वर्गात हे त्या शिकवत नसत. आपल्या लेकीला मात्र त्यांनी शिकवलं होतं.

लेक याच शाळेत शेवटच्या वर्गात होती आणि तिचे वडील शाळेचं ग्रंथालय सांभाळत. त्यांना सगळे पुस्तकवाले सर म्हणत. घराचा नियम कडक होता. शाळेच्या फाटकाच्या आत आईला ‘बाई’ म्हणायचं आणि बाबांना ‘सर’. एकदा लेक चुकून ‘आई’ म्हणाली, तर बाईंनी तिला तास संपेपर्यंत उभं केलं होतं.

त्या वर्षी मात्र मला या घराचा संशय येऊ लागला.

आधी बाईंचा. एका मुलीने सदऱ्याची बाही उलटी जोडली. तशी माझ्या पायडलवरचं बाईंचं वजन नाहीसं झालं. पाय उचलले असतील म्हणावं, तर खुर्चीची गादीसुद्धा फुगून वर आली! बाई चार बोटं हवेत होत्या. साडी लांब, म्हणून कुणाला दिसलं नाही. राग उतरला तशा बाईही उतरल्या.

मग एका मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना माझं चाक फिरू लागलं. खुर्चीवर कुणी नाही! करडा दोरा हवेत तरंगत सुईच्या नाकाशी आला आणि सात वेळा चुकला. आठव्या वेळी कुणीतरी खोकलं. तो खोकला पुस्तकवाल्या सरांचा होता. त्यांनी करड्या कापडाचा झगा शिवायला घेतला होता. मला कळेना, जो माणूस दिसतच नाही त्याला पोशाख कशाला हवा?

आणि एका संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, लेक आली. काळं कापड, घाईघाईची टीप. दर चौथी टीप डावीकडे पळायची. तिने पायडल दाबलं आणि त्याचा लोखंडी कोपरा वाकला. तिने इकडेतिकडे पाहिलं, दोन बोटांनी तो सरळ केला आणि माझ्या पाठीवर थोपटलं. "कुणाला सांगू नकोस हं."

मी कुणाला सांगणार? पण एका घरातली तिघं, आणि तिघांना एकमेकांचा पत्ता नाही! संशय मात्र तिघांनाही होता.

"माझ्या बॉबिनमध्ये काळा दोरा कुणी भरला?" एक दिवस बाईंनी विचारलं.

"मला काय माहीत, बाई?" लेक म्हणाली.

"उंदीर असतील," दारातून पुस्तकवाले सर म्हणाले.

"उंदीर दोरा भरतात?"

"शिकलेले असतील. शाळा आहे ही."

बाईंनी दोघांकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता गादी फुगणार.

त्यानंतर आठवड्याने टाकी कलली. गच्चीवरचे तिचे लोखंडी पाय गंजले होते. खाली पत्र्याच्या शेडमध्ये पाचवीचा चित्रकलेचा तास चालू होता. पाय तुटले, टाकी कोसळली आणि काळ्या मुखवट्यातल्या कुणीतरी ती वरच्यावर खांद्यावर झेलली. मुलं पळाली. मग टाकी कुठेतरी ठेवायला हवी होती. मुखवट्यातून नीट दिसत नसावं. ती ठेवली गेली मोठ्या सरांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, तीन आठवडे वयाच्या स्कूटरवर. त्याच धक्क्याने मुखवट्याचं मागचं बटण तुटलं आणि मुखवटा तिथेच पडला.

दुसऱ्या दिवशी मोठे सर तो मुखवटा घेऊन शिवणवर्गात आले. त्यांनी मुलींना बाहेर काढलं. फक्त लेक तुकडे आवरायला थांबली.

"मुलं वाचली याचा मला आनंदच आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मात्र स्कूटर होती. "पण शाळेत तोंड झाकून फिरायचं? विद्यार्थी असेल तर त्याच्या परीक्षेच्या अर्जावर मी सही करणार नाही. शिक्षक असेल तर सरळ घरी. बाई, ही शिवण कुणाची? शाळेत मशीन एकच आहे."

बाईंनी मुखवटा हातात घेतला. सवयीने दुमड उलटली. आत जादाचं बटण होतं.

त्यांनी दुमड पुन्हा मिटली. लेकीचा अर्ज सहीसाठी मोठ्या सरांच्या टेबलावरच पडला होता.

"माझी," बाई म्हणाल्या.

"तुमची? इतकी वाकडी?"

"घाईत होते."

"मग घाला बरं तशीच टीप माझ्यासमोर."

मित्रांनो, ज्या बाईंनी अठरा वर्षांत एक सुरकुती खपवून घेतली नाही, त्या माझ्यासमोर बसल्या आणि मुद्दाम वाईट शिवू लागल्या. दर चौथी टीप डावीकडे. त्यांचा पाय पायडलवर अडखळत होता, सरळ जायची त्यांची सवय सुटत नव्हती. मी आयुष्यात कधी टीप सोडली नव्हती. त्या दिवशी तीन सोडल्या. बाईंसाठी.

मोठ्या सरांनी तुकडा मुखवट्याशेजारी धरला. "जुळतंय," असं म्हणून त्यांनी खिशातून पेन काढलं.

"आई, ऊठ." लेक पुढे आली. तिने मला लोखंडी पायांसकट एका हाताने डोक्यावर उचललं. "सर, टाकी मी उचलली होती."

"मला न विचारता?" बाई ओरडल्या. चार बोटं नाही, चांगल्या दोन हात वर गेल्या. चपला खाली पडल्या.

"आई, तू आधी खाली उतर!"

"तू आधी मशीन खाली ठेव! तेल सांडेल तिचं!"

"दोघी भांडू नका गं," कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलावरून आवाज आला.

"तुम्ही कधीपासून इथे?"

"मधल्या सुट्टीपासून. झग्याची बाही राहिली होती."

मोठे सर बाकावर बसले. "हे सगळं मी वर लिहून कळवणार," ते म्हणाले आणि स्वतःच थांबले. "पण लिहू काय? शिवणबाई छताला, पुस्तकवाले सर गायब? मलाच घरी पाठवतील."

त्यांनी मुखवटा पुन्हा चाचपला. "हे बटण आत कशाला?"

"एक तुटलं तर दुसरं असावं म्हणून," बाई वरूनच म्हणाल्या.

सरांनी तो वाकडा तुकडा पुन्हा उचलला. "अठरा वर्षं तुम्ही मला माझ्या सदऱ्यांच्या झिजलेल्या कॉलर उलटवून देताय. एक टीप इकडची तिकडे झाली नाही. आज लेकीसाठी झाली होय?"

बाई हळूहळू खाली आल्या.

टेबलावरून अर्ज मागवून मोठ्या सरांनी माझ्याच फळीवर त्यावर सही केली. मग दाराशी वळून म्हणाले, "स्कूटरचं मात्र बघायचं हं, पोरी."

पोरीने ती दोन हातांनी सरळ केली. हँडल जरासं डावीकडेच राहिलं. मोठे सर निवृत्त होईपर्यंत तीच स्कूटर चालवत होते आणि कुणी विचारलं तर मेकॅनिकला बोल लावत होते. लेक आता पूल तपासते. गंजलेल्या लोखंडाचा तिला माझ्याइतकाच संशय येतो. शिवणबाई जाऊन नऊ वर्षं झाली. तो वाकडा तुकडा त्यांनी माझ्या खणात ठेवला होता, तो अजून तिथेच आहे. पुस्तकवाल्या सरांच्या निरोपसमारंभात हार घातला गेला तो बहुतेक खुर्चीलाच, असं मुलं म्हणायची.

शिवणवर्ग बंद पडला. मी जिन्याखाली, धुळीत उभी आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात असेल, तर अधूनमधून त्याचं झाकण उघडा, तेलाचे दोन थेंब घाला. आम्ही पुष्कळ पाहिलेलं असतं आणि कुणाला सांगितलेलं नसतं.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. दर महिन्याला एका दुपारी माझ्यावरचं फडकं आपोआप उचललं जातं. तेलाची डबी तरंगत येते, सहा वेळा भोक चुकते आणि सातव्या वेळी थेंब बरोबर आत पडतो. मग खण उघडतो आणि तो तुकडा बराच वेळ हवेत स्थिर राहतो. कुणीतरी खोकतं.

मी मुळीच संशय घेत नाही.