मक्याच्या धाटांतली पेरणी

"दादा, तुझी धार घाल चुलीत! धाटं तुटत नाहीत, नुसती मुडपतात," म्हणत बकुळानं पिशवीतले पेरणीयंत्राचे चार लोखंडी तवे माझ्या लेथवर आदळले.

बकुळा माझी धाकटी बहीण. कराडकडं तिचं काळ्या, चिकट मातीचं रान. मका काढला की ती नांगर घालत नाही. धाटं तशीच ठेवून त्यातनंच सोयाबीन पेरते. यंत्राचा हा गोल तवा धाट कापून मातीत चीर पाडतो, चिरेत बी पडतं. माती वाहून जात नाही, गांडुळं येतात म्हणते. पण गेल्या साली अर्धं रान उगवलंच नाही. दीर म्हणाला, "वहिनी, यंदा पण असंच झालं तर मी नांगर घालणार." त्या तव्यांना धार मीच लावलेली.

मी लालबागचा टर्नर, मिरची-मसाला कुटायचे डंक दुरुस्त करणारा. कापडगिरणी बंद पडून माझी नोकरी गेली तेव्हा दोन वर्षं हिच्या ज्वारीवर माझं घर जेवलं. तिला तोंडानं तसं कधी बोललो नाही.

नव्यानं धार लावली. तिनं आणलेल्या धाटावर तवा फिरवला. खट्! दोन तुकडे.

"बघ भावाची कारागिरी!"

तिनं दुसरं धाट चहा होईस्तोवर बादलीत बुडवलं, मग कुंडीतल्या मातीवर ठेवलं. "आता काप."

धाट चामड्यासारखं वाकलं आणि मातीत दबलं.

"ह्याच्यावर बी पडतं. त्याला माती लागतच नाही. उगवंल कसं?"

समोर डंकवाला एका बाईला परत पाठवत होता, "मावशी, मिरची नरम आहे, चिकटेल. उन्हात घाला, कडकडीत करून आणा."

मी विचारलं, "बकुळे, पेरतेस किती वाजता?"

"सकाळी सहाला. ट्रॅक्टरवाला तेव्हाच येतो."

"तेव्हा धाटांवर रात्रीची ओल असते ना?"

तिनं त्या बाईकडं बघितलं आणि हसत सुटली. "माती चिकटायची थांबली की पेरायचं, एवढं कळत होतं मला. धाटांचं डोक्यातच आलं नाही. म्हणजे दुपारपर्यंत बांधावर बसू? लोक येडी म्हणतील."

"म्हणू देत. मी पण म्हणतोच की."

परळला एसटीत बसवताना म्हणालो, "ज्वारी गोड होती हां तुझी."

"कुठली?"

"तेव्हाची."

तिनं तव्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

पेरणीनंतर आठव्या दिवशी फोन आला. "दादा, दुपारी पेरलं, रोपांच्या ओळी दिसतात. पार बांधापर्यंत! दीर बघून गेला, नांगराचं नाव नाही काढलं."

"काय? मशीन चालू आहे, ऐकू नाय आलं. परत सांग."

तिनं परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

मशीन मी फोनवर तिचं नाव दिसलं तेव्हाच बंद केली होती.