तिसाचा बेलभंडारा

आपल्या मालाचा भाव आपण स्वतः ठरवावा, यापेक्षा मोठं स्वातंत्र्य माणसाला नाही. १९९९ साली एका तेल कंपनीने हे स्वातंत्र्य नांदेडकडच्या मुधोळच्या यशवंतरावांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं, आणि कापडाच्या दुकानात बसणारा हा शांत माणूस आठ दिवस धड जेवला नाही.

कंपनी आपलेच शेअर परत घेत होती. यशवंतरावांकडे दोनशे होते, तेरा वर्षांपूर्वी घेतलेले; एरवी त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. बावीस ते तीस रुपयांमधला भाव अर्जात एकदाच लिहायचा. कंपनी सर्वांत स्वस्त मागणाऱ्यापासून सुरुवात करणार आणि हवे तेवढे शेअर मिळाले की थांबणार. ज्या भावावर थांबेल तो भाव, ज्यांचे शेअर घेतले त्या सगळ्यांना; त्याहून जास्त मागणाऱ्यांचे शेअरचे कागद परत.

"म्हणजे बावीस लिहिले तरी जास्त भेटू शकतात," इंग्रजी पत्र वाचून निवृत्त मास्तर उद्धवराव म्हणाले. त्यांच्याकडेही थोडे शेअर होते.

"मास्तर, मागितल्यापेक्षा जास्त देणारा गिऱ्हाईक तुमी पाह्यला का कधी?" यशवंतरावांचा मेहुणा डोमाजी म्हणाला. तो बैलबाजारातला दलाल. थोडे शेअर त्याच्याकडेही होते, त्यामुळे मतंही बरीच होती. "दाजी, आपण तिघंबी तीस लिहू. विकणारे एका भावावर अडून बसले का घेणारा येतेच वर."

महादेवाच्या देवळात तिघांनी तिसाचा बेलभंडारा उचलला, तीसच लिहायची शपथ घेतली. मास्तरांनी बेल जरा लवकरच खाली ठेवला, पण ते वयामुळे असेल.

घरी यशवंतरावांच्या पत्नी जयवंताबाई शिलाई मशीनवर होत्या. सुईत दोरा ओवायला शेजारच्या मनकर्णेला बोलवावं लागत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. नांदेडच्या डॉक्टराने आत भिंग बसवून एका डोळ्याचे पाच हजार सांगितले होते. पंचवीसचा भाव आला की डोळा, असा सरळ हिशोब होता.

"तुमी बावीस लिहा ना," त्या म्हणाल्या.

"बावीसच भेटले तर सहाशे कमी पडतात."

"सहाशे शिवून काढीन. कागद वापस आले तर काय शिवू?"

"बेलभंडारा उचलला न मी."

"मंग महादेवालेच सांगा सुईत दोरा ओवाले."

यशवंतरावांनी पेन्सिलने बावीस लिहिले. खोडले. पंचवीस लिहिले. तेही खोडले. बावीस लिहिणं म्हणजे शपथ मोडणं, तीस लिहिणं म्हणजे बायकोचा डोळा डावावर लावणं, आणि पंचवीस लिहिणं म्हणजे दोन्ही पापं अर्धी अर्धी. शेवटच्या दिवशी पोस्टात खिडकीशी उभे राहून त्यांनी शाईने तीस लिहिले. अक्षर अगदी सुबक आलं. त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

भाव सव्वीसला थांबला.

यशवंतरावांचे कागद परत आले. उद्धवरावांनी बावीस लिहिले होते, डोमाजीने चोवीस. दोघांना सव्वीसने चेक आले.

"काऊन रे डोमाजी?" यशवंतरावांनी विचारलं.

"दाजी, बाजारात बोलाचा भाव येगळा असते अन् द्याचा येगळा," डोमाजी म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. "मले वाटलं तुमाले ठाऊक हाय."

जयवंताबाईंनी भावाला चहा दिला. तो गेल्यावर नवऱ्याला विचारलं, "आपले किती झाले असते?"

"बावन्नशे."

त्यांनी डोमाजीची कपबशी विसळून ठेवली. मशीन बराच वेळ बंद होतं.

माघात जवळच्या भैंशाला डोळ्यांचं फुकट शिबीर भरलं. तिथे भिंग बसवत नसत. जयवंताबाईंचा उजवा डोळा झाला आणि बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला. त्यातून दोरा दिसतो, पण सुई दोन बोटं बाजूला दिसते.

तिघांचे मिळून साडेचारशे शेअर होते. कंपनीने अठरा लाख शेअर घेतले.