आडवी आलेली भिंत

विमावाल्याने कॉम्प्युटरचा पडदा फिरवला तो मुलाकडे. गाडी नर्सबाईंची, सही नर्सबाईंची होणार, पण पडदा त्यांच्या मुलाकडे. बाईंनी खुर्ची करकरत पुढे ओढली आणि मान वाकडी करून पाहू लागल्या. तेव्हा विमावाला ओशाळला आणि त्याने पडदा दोघांच्या मधोमध आणला, म्हणजे आता तो कुणालाच नीट दिसेना.

"मावशी, अडचण अशी आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडात खोकल्याची गोळी होती आणि बोलता बोलता ती या गालातून त्या गालात जात होती. "तुम्हाला पूर्ण विमा हवाय. म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तरी भरपाई आणि तुमच्या गाडीचं झालं तरी भरपाई. पण तुमचं वय सत्तरच्या पुढे. आणि त्यात आमच्या दृष्टीने तुम्ही नवीन चालक."

"नवीन? अहो, निम्मं आयुष्य गाडी चालवण्यात गेलं माझं."

"गेलं असेल. पण तुमच्या नावावर बिनअपघाताचं एकही वर्ष नाही. विमा काकांच्या नावाने होता ना? मग ती वर्षं काकांची. ते गेले, वर्षंही गेली."

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांचे यजमान रस्ते खात्यात मोठे साहेब होते. रस्ते बांधायची हौस दांडगी, पण त्यावर गाडी चालवायचा मनस्वी कंटाळा. शेजारी बसून "ब्रेक, अगं ब्रेक" एवढं मात्र त्यांना झकास जमायचं. स्टिअरिंग बाईंच्या हातात आणि कागद साहेबांच्या कपाटात, अशी त्या घरातली वाटणी होती. याच गाडीने, आणि हिच्या आधीच्या गाडीने, बाई चिखलातून, धुक्यातून बाळंतिणींकडे जात. एकदा मागच्या सीटवरच एकीची सुटका झाली होती. कधी कुणाला ओरखडा उठला नाही. ती सगळी पुण्याई साहेबांच्या नावावर साठत गेली आणि सहा महिन्यांपूर्वी त्यांच्याबरोबर निघून गेली.

"मग नुसता दुसऱ्याच्या नुकसानीचा घेतला तर?"

"तो मिळेल. पण तुमची गाडी ठोकली गेली तर आमच्याकडून दमडी नाही."

बाईंनी मनात हिशोब केला. पेन्शनीत दुसरी गाडी यायची नव्हती. त्यांची थोरली बहीण गावाबाहेर टेकडीवर राहायची, अंथरुणाला खिळलेली. दिवसाआड तिला आंघोळ घालायला बाई जात. बस पायथ्याशीच थांबते आणि बाईंचे गुडघे त्याच्याही आधी थांबतात. गाडी नाही तर बहीण नाही, असं सरळ होतं ते.

"शिवाय मावशी, चालक म्हणून तुमच्या नावावर एक अपघात आहे. जुना आहे, पण कंपनी तीच, त्यामुळे दिसतोय."

एवढा वेळ फोनमध्ये डोकं घातलेले चिरंजीव एकदम खुलले.

"ती भिंत!" तो म्हणाला. "साहेब, तुम्हाला सांगतो, भर दुपारी, मोकळा रस्ता, आणि आमच्या आईला भिंत आडवी आली! शाळेची भिंत. तिथेच उभी होती बिचारी, किती वर्षं."

विमावाला गोळी सांभाळत हसला. बाईही हसल्या. त्यांना सवयच होती. आधी साहेब सांगायचे, पाहुण्यांसमोर, टाळी मागत. मग मुलाने ती गोष्ट उचलली. स्वतःच्या लग्नात त्याने ती सासरच्यांना ऐकवली आणि मांडव हसला होता.

"मी काय म्हणतो," मुलगा खुर्चीत पुढे सरकला, "गाडी माझ्या नावावर करून टाकू. विमाही माझ्या नावाने. आई दुसरी चालक. किल्ली माझ्याकडे राहील. आई, तुला मावशीकडे जायचं असलं की मला फोन करायचा, मी जमेल तसं बघेन. तुझ्या जिवाला घोर नको."

"हे बेस्ट," विमावाला म्हणाला. "स्वस्तही पडेल."

सगळं किती सुरळीत होतं! बाईंनी मान हलवली असती, तर चहाच्या वेळेला त्या घरी पोचल्या असत्या. चालवायचं त्यांनी, नाव पुन्हा दुसऱ्याचं. आणि आता तर किल्लीसुद्धा मागून घ्यायची.

त्या दुपारी साहेबांनी मेजवानीत चार पेले चढवले होते. "मला काय गाडी येत नाही?" म्हणत त्यांनी बाईंच्या हातातून किल्ली हिसकावली. गाडी भिंतीवर आदळल्यावर बाईंच्या कपाळातून रक्त येत होतं. साहेब त्यांना म्हणाले, "चल, तू इकडे बस. माझी बढती अडकेल. नर्सला कोण काय विचारणार?" बाई उठून त्यांच्या जागी जाऊन बसल्या. मागच्या सीटवर नऊ वर्षांचा मुलगा शाल पांघरून झोपला होता. त्याला धक्कासुद्धा जाणवला नाही, म्हणून त्यांनी देवाचे आभार मानले होते.

"ती गाडी मी चालवत नव्हते," बाई म्हणाल्या.

विमावाल्याची गोळी गालातच थांबली.

"आई, जाऊ दे ना," मुलगा हलक्या आवाजात म्हणाला. "बाबा आता नाहीत. कशाला त्यांचं नाव?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी कुणाचं नाव घेतलं?"

मुलाने फोन उलटा केला, सुलटा केला.

"तू झोपला होतास," बाई म्हणाल्या.

"डोळे मिटून पडलो होतो," तो म्हणाला. "बाबा चिडले असते."

नऊ वर्षांच्या पोरावर कोण रागावणार? भ्यालं असेल, पडून राहिलं असेल. त्या पोराला बाईंनी तिथल्या तिथे माफ केलं. पण मांडवात उभा राहून हसवणारा घोडा काही नऊ वर्षांचा नव्हता. आणि आत्ता, पाच मिनिटांपूर्वीचा? तो तर किती खुलून सांगत होता. बाईंनी त्याच्याकडची नजर काढून पडद्याकडे वळवली.

"मावशी," विमावाला अडखळत म्हणाला, "ती नोंद आता नाही हो बदलता येणार."

"राहू दे. नुसता दुसऱ्याच्या नुकसानीचा करा. माझ्या नावाने."

"आई, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. उद्या काही झालं तर तुझ्या हातात काहीच येणार नाही."

"नवीन चालक लिहावं लागेल," विमावाला म्हणाला.

"लिहा."

त्याने लिहिलं. पडदा त्याने आता पूर्ण बाईंकडे वळवला होता. मग खाली वाकून त्याने शेवटचा प्रश्न विचारला.

"ही गाडी आणखी कुणी चालवणार आहे का? घरातलं कुणी?"

मुलाने तोंड उघडलं.

"घरात कुणी नाही," बाई म्हणाल्या.